आईबापांचा वारसा व आईबापांचा दोष

शास्त्रपाठ: यहेज्केल १८:१-२०, योहान ९:१-३

लेंकरूं जन्मास आलें म्हणजे नाक बापाचें, डोळे आईचे, असें म्हणून घरांत आनंद होतो. परंतु तेंच लेंकरूं वारंवार दुखण्यानें कण्हूं लागलें कीं दुसरें बोलणें सुरू होतें: सुनेचा पायगुण वाईट, अथवा बापाचें पाप फळास आलें. आपल्या मंडळींतील घरेंही या बोलण्यापासून अगदीं मुक्त नाहींत. यास्तव वारसा निराळा व दोष निराळा, हें आज पाहूं.

प्रथम वारसा. ग्रेगोर मेंडेल नांवाच्या मठवासी धर्मगुरूनें ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्याचीं हजारों रोपें लावून परीक्षा केली, व इ. स. १८६५ त आपला शोध सांगितला. उंच व ठेंगण्या जातींचा संकर केल्यावर पहिल्या पिढींत सर्व रोपें उंच झालीं. पुढील पिढींत मात्र सुमारें चारांत एक ठेंगणें निघालें. ठेंगणेपणा नाहींसा झाला नव्हता, केवळ झांकला होता. अशा गुणाचे दोन अंश असतात. एक आईकडून येतो, एक बापाकडून.

सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार याच नियमानें चालतो. नंदुरबार, गडचिरोली आदि जिल्ह्यांत तो पुष्कळ आढळतो. या आजारांत रक्तांतील वाटोळ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडासांध्यांत असह्य कळा येतात; त्या लवकर नाश पावल्यामुळें अंगांत रक्त कमी होतें व डोळे पिंवळे दिसतात. स्पर्शानें अगर उष्ट्यानें हा आजार लागत नाहीं.

ज्यास सदोष अंश एकच मिळाला, तो वाहक होय. तो बहुधा धडधाकट असतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणीं मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व अगदीं मुक्त असण्याचा चारांत एक असतो. एक मूल आजारी निघालें म्हणून पुढील तीन सुटलीं असें नाहीं. हिशेब प्रत्येक खेपेस नवा. तर मग सुनेकडे बोट दाखविणें केवढा अन्याय! आईनें एक अंश दिला तसा बापानेंही दिला, व दोघांनींही न कळत दिला. शिवाय हा एकेरी अंश हिवतापाच्या घातक स्वरूपापासून पुष्कळ रक्षण करितो; म्हणूनच हिवतापाच्या मुलुखांत तो टिकून राहिला. लोक ज्यास शाप म्हणतात, तो पूर्वजांस ढाल झाला होता.

आतां दोष. कोणी निर्गम २०:५ दाखवून विचारील कीं, बापांच्या अन्यायाचें शासन पुढील पिढ्यांस होतें ना? तें वचन मूर्तिपूजा करून देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयीं आहे, रक्ताच्या आजाराविषयीं नव्हे. बाबेलांतील बंदिवान लोक आपल्या दुःखाचें खापर बापांवर फोडूं लागले, तेव्हां देवानें यहेज्केलाच्या द्वारें त्यांची आंबट द्राक्षांची म्हण बंद केली. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारिलें, तेव्हां प्रभूनें तो मनुष्य व त्याचे आईबाप, उभयतांसही त्या आरोपांतून सोडविलें. प्रभूनें जो आरोप ठेविला नाहीं, तो आपण कोण ठेवणार?

वारसा निवडणें आपल्या हातीं नव्हतें. तो कळल्यावर काय करावें, हें आपल्या हातीं आहे. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. उपदेशक बंधूंनीं विवाह ठरण्यापूर्वींच वधूवरांस रक्ततपासणी सुचवावी. दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परंतु वाहक म्हणून कोणाही कन्येस कमी लेखूं नये. आजारी लेंकरास पाणी पुष्कळ पाजावें, थंडीपासून जपावें, लसी वेळेवर टोंचाव्या, औषधांत खंड पाडूं नये. ताप आला अगर छातींत दुखूं लागलें, तर अंगाऱ्यांत वेळ न दवडितां दवाखाना गांठावा. प्रार्थना करावी, व औषधही द्यावें. दोन्हींत विरोध नाहीं.

अशा घरीं आपण जाऊं तेव्हां दोष शोधावयास न जातां ओझें उचलावयास जाऊं.

विचारार्थ प्रश्न
१. वाहक व आजारी यांत भेद काय?
२. जन्मांधाविषयींच्या प्रश्नांत शिष्यांची चूक कोणती?
३. आपल्या मंडळींत आजारी लेंकराच्या आईस कोणाचा आधार आहे?