तारीख आधी त्याला विचारा

गडचांदूर

चि. भाच्यास,

चार शाळूसोबती मिळून बँकॉकला निघणार, हे वाचून मामा-मामी दोघांनाही फार बरे वाटले. तिघे पुण्या-नागपूरकडे पांगले, एक इथेच सिमेंटच्या कारखान्यात लागला, तरी फिरायला जायचे तर चौघांनीच, हा हट्ट टिकला आहे. म्हणून मामाचा पहिला सल्ला विमानाचा नाही, त्या गावातल्या मित्राचा आहे.

2 ऑक्टोबर 2026 ला शुक्रवार आहे, म्हणून पुणेकरांनी ती तारीख धरली. पण अशी जोडून सुटी ऑफिसातल्या माणसाला मिळते. कारखान्याची भट्टी सणवार पाहत नाही. सिमेंटचा क्लिंकर तयार व्हायला आतला माल सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावा लागतो. भट्टी एकदा थंड झाली की पुन्हा तापवण्यात वेळ आणि इंधन दोन्ही जाते, म्हणून ती रात्रंदिवस फिरती ठेवतात आणि माणसे पाळीने येतात. म्हणून त्या मित्राची साप्ताहिक सुटी रविवारीच असेल असे नाही. दुरुस्तीचा वार्षिक शटडाऊन लागला असेल तर रजा मिळणे अवघडच. तेव्हा तारीख आधी त्याने सांगावी, तिघांनी जुळवून घ्यावे. हॉटेलही ज्याचा खिसा सगळ्यांत लहान त्याला परवडेल असेच हवे. हा विषय ग्रुपवर काढू नये, त्याला एकट्याला फोन करावा. चौघांत विचारले तर तो "चालते ना बे" म्हणेल आणि मागाहून उसने काढेल.

तसाही ऑक्टोबर नको. चौघांना ऊन हवे आहे, आणि बँकॉकमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत जास्त पावसाचे महिने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. 2027 चा 26 जानेवारी मंगळवारी येतो. शनिवार 23 पासून धरले आणि सोमवारची एक रजा टाकली, की तिघांचे चार दिवस होतात. चौथ्याला ती तारीख जमते का, ते आत्ताच विचारावे.

निघावे हैदराबादहून. बल्लारशाहहून काझीपेठमार्गे गाड्या आहेत, आणि पुढे थेट विमान साडेतीन तासांच्या आसपास पोहोचवते. आपला जुना राजुरा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या माणसाला हैदराबाद परके नाही.

रात्रीच्या विमानाने गेले तर झोप मोडते, वर तिथले घड्याळ दीड तास पुढे. हॉटेलची खोली बहुधा दुपारीच ताब्यात मिळते. म्हणून पहिल्या दिवशी बँकॉकचा राजवाडा ठेवू नये. संध्याकाळी चाओ फ्राया नदीवरच्या साध्या प्रवासी बोटीत बसून पलीकडचे वाट अरुण मंदिर पाहावे. त्या बोटीत चौघांना निवांत बोलता येते, आणि इतक्या वर्षांनी भेटल्यावर तेच तर हवे आहे. रविवारी सकाळी साडेआठला राजवाडा उघडतो, तेव्हाच आत शिरावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दाराशी कोणी गोड बोलून "आज बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणाला तर त्याच्या टुकटुकमध्ये बसू नये. अशी माणसे रत्नांच्या दुकानात नेऊन फसवतात, हा तिथला जुना प्रकार आहे.

जवळच वाट फो मंदिरात 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीवर आजी-आजोबांचे बोट धरून गेलेला मित्र तुमच्यात आहे. त्याला तिथे हवा तितका वेळ बसू द्यावे, घाई करू नये. आणि कारखान्यातल्या मित्राला सांगावे, की थायलंडची सयाम सिमेंट ही कंपनी 1913 मध्ये राजा वजिरावुधच्या आज्ञेने सुरू झाली. शहर बघताना त्याची नजर त्या अंगानेही फिरेल.

चंद्रपूरचा मे महिना सोसलेल्यांना तिथले 32 अंश किरकोळ वाटतील. इथली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. तिथे नदी आणि समुद्र जवळ, हवेत ओल. घाम वाळत नाही, थकवा लवकर येतो. बारा ते तीन सावलीतच जेवावे, पाणी पीत राहावे.

गावातल्या मित्राकडे पासपोर्ट नाही. साध्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये लागतात; उगीच उशीर करून तत्काळचे 2000 वर भरू नयेत. आधार आणि शाळेचा दाखला यांतले नाव अक्षरशः जुळते का, ते अर्ज भरण्याआधी पाहावे. बाकीच्यांच्या पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी. व्हिसाचे नियम थायलंड सरकार बदलत असते, म्हणून तिकिटापूर्वी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ते वाचावेत. आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. सरकारी संकेतस्थळावर त्याचे पैसे लागत नाहीत.

परतीचे विमान मंगळवारी सकाळचेच घ्यावे. बुधवारी कारखान्यातल्या मित्राची सकाळी सहाची पाळी असेल, तर रात्रीच्या गाडीने बल्लारशाह गाठून थोडी तरी झोप त्याला मिळायला हवी. ही वेळ आधी पक्की करावी, मग जाण्याचे तिकीट काढावे.

तुझा मामा