नापास होऊ न शकणारी टेस्ट

आदिलाबाद,
डिसेंबर

चि. राणी,


कंपनीने डीबगरच्या रिग्रेशन टेस्ट आपोआप चालवायचं काम तुझ्याकडे दिलं, हे ताईकडून कळलं. बासरच्या ट्रिपल आयटीतून निघालेल्या आपल्या पोरीला पहिल्याच वर्षी असं काम मिळावं याचा आनंद झाला. तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र खटकलं: ‘महिनाअखेर सगळं हिरवं दाखवायचंय.’ त्या वाक्यासाठीच हे पत्र. नोकरीची बरीच वर्षं मी टूलचेनच्या कामात काढली, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो.

टेस्ट आपोआप चालवणं हा या कामातला सोपा भाग आहे. मध्यरात्री बिल्ड होईल, स्क्रिप्ट चालेल, सकाळी सगळ्यांना मेल जाईल. एवढं कुणीही उभं करतं. लाल दिवा लागला की टीममधल्या माणसाने चहा बाजूला ठेवून उठावं, इतका त्या लाल दिव्याचा मान राखणं हे खरं काम. सध्या आपल्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग आहे. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर कापूस खरेदी करणारी सीसीआय पूर्ण हमीभाव देते, पुढे बारापर्यंत कपात करते आणि बाराच्या वर गाडी परत पाठवते. कायम आठच दाखवणारं मीटर शेतकऱ्याला आवडेलही, पण त्याला मीटर म्हणायचं का? ओल्या कापसात खुपसल्यावर आकडा वर जातो की नाही, हे आधी पाहावं लागतं. टेस्टचंही तसंच. बग दुरुस्त करून टेस्ट लिहिलीस की ती आधी जुन्या, न सुधारलेल्या बिल्डवर चालव. तिथे ती नापास झाली पाहिजे. मग नव्या बिल्डवर चालव. दोन्हीकडे पास होणारी टेस्ट त्या बगची नाहीच.

आता डीबगरची गोष्ट वेगळी का, ते बघ. साध्या प्रोग्रॅमला इनपुट दिलं की आउटपुट येतं आणि ते तपासता येतं. डीबगर मात्र कधीच एकटा नसतो. एक्स८६वर तू ब्रेकपॉइंट लावतेस तेव्हा तो चालत्या प्रोग्रॅममधला एक बाइट उचलून ठेवतो आणि तिथे इंट-थ्री ही एका बाइटची सूचना लिहितो. प्रोसेसर तिथे अडतो, कर्नल डीबगरला कळवतो, डीबगर प्रोग्रॅम काउंटर एकने मागे घेतो आणि पुढे जाण्याआधी मूळ बाइट परत जागेवर ठेवतो. कुठली ओळ कुठल्या पत्त्यावर आहे, हे तर त्याला कंपायलरने लिहिलेल्या ड्वार्फ माहितीतूनच कळतं. म्हणजे एका ओळीच्या उत्तरात डीबगर, कंपायलर, कर्नल आणि प्रोसेसर असे चौघे सामील. तुमच्या कोडला कुणी हात लावला नाही, फक्त सर्व्हरवरचा जीसीसी कंपायलर बदलला, तरी टेस्ट लाल होऊ शकते. दोष कुणाचा, हे टेस्टनेच सांगावं लागतं.

म्हणून स्वतःची चौकट बांधण्याआधी जीडीबी या डीबगरची टेस्ट-सूट नीट वाच. रिचर्ड स्टॉलमनने १९८६ साली जीडीबी लिहिला. जीडीबीच्या टेस्ट डेजाग्नू या चौकटीवर चालतात. ती सिग्नस कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी तयार केली. तिच्या पोटात डॉन लायब्स यांचं एक्स्पेक्ट आहे आणि एक्स्पेक्ट उभं आहे जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर. एक्स्पेक्ट कीबोर्डपुढे बसलेल्या माणसासारखं वागतं: कमांड टाइप करतं, उत्तराची वाट बघतं, उत्तर नमुन्याशी जुळतं का ते पाहतं. भाषा जुनी आहे म्हणून नाक मुरडू नकोस. त्या फोल्डरमध्ये साठलेलं शहाणपण कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पहिलं शहाणपण हे, की नमुन्यात काय घट्ट धरायचं आणि काय सैल सोडायचं ते ठरवावं. ‘२३व्या ओळीवर थांबला’ असं टेस्टमध्ये लिहिलंस आणि कुणी वर एक कमेंट वाढवली, की टेस्ट मोडली. जीडीबीवाले सोर्समध्येच ‘इथे थांब’ अशा अर्थाची कमेंट टाकतात आणि टेस्ट तिच्यावरून ओळ शोधून काढते. मेमरीचे पत्ते दर वेळी बदलू शकतात. व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या टूलच्या टेस्टमध्ये फिल्टर लावून पत्त्याच्या जागी नुसते टिंब ठेवतात आणि प्रोसेस क्रमांक गाळतात. पण हात सैल सोडण्याचीही सवय लागते. उत्तरात काहीही आलं तरी चालेल असा नमुना लिहिला की टेस्ट हिरवी राहते आणि तपासत काहीच नाही. व्हेरिएबलची किंमत बघायची असेल तर किंमत घट्ट धर, पत्ता सोडून दे.

लोकेलकडेही लक्ष ठेव. संदेशांची भाषा मशीनगणिक बदलू नये म्हणून जीडीबीच्या टेस्ट सी लोकेलमध्ये चालतात. त्या लोकेलमध्ये ‘आदिलाबाद’ ही स्ट्रिंग प्रिंट केलीस तर ‘आ’च्या जागी ३४०, २४४, २०६ असे अष्टमान आकडे येतील. तेलुगूत लिहिलेल्या ‘आ’साठी ३४०, २६०, २०६ येतील, फरक फक्त मधल्या आकड्याचा. आपल्याकडे एकाच दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्या असतात, तेव्हा तुमच्या टूलसाठी दोन्ही लिप्यांची एकेक टेस्ट लिही आणि तिच्यात चारसेट यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांग. अशी टेस्ट दुसरं कुणी लिहील याची वाट पाहू नकोस.

दुसरं शहाणपण निकालांच्या नावांत आहे. तुमच्या डॅशबोर्डवर लाल आणि हिरवा असे दोनच रंग आहेत, म्हणून सगळं हिरवं करायचा मोह होतो. जीडीबीत पास आणि फेल यांच्याशिवाय आणखी निकाल आहेत. कंपायलर किंवा सिस्टिमच्या दोषामुळे नापास होणार हे ठाऊक असेल तर एक्सफेल. दोष डीबगरचाच आहे, माहीत आहे, अजून दुरुस्त झालेला नाही, तर केफेल, आणि त्याच्यासोबत बगचा नंबर. या मशीनवर ती सोयच नसेल तर अनसपोर्टेड. टेस्टला निकालापर्यंत पोचताच आलं नाही तर अनरिझॉल्व्ह्ड. कंटेनरमध्ये टेस्ट चालवणार असशील तर हे लगेच उपयोगी पडेल. लिनक्सवर डीबगर पीट्रेस या सिस्टिम कॉलवर जगतो आणि ४.८च्या आधीच्या कर्नलवर डॉकर तो मुळातच अडवत असे. अशा मशीनवर शेकडो टेस्ट लाल होतील आणि त्यातली एकही तुमच्या कोडबद्दल काही सांगणार नाही. परवानगी आहे का हे सुरुवातीलाच तपास. नसेल तर अनसपोर्टेड म्हणून थांब.

तिसरी गोष्ट, कधी पास तर कधी नापास होणाऱ्या टेस्टची. थ्रेडच्या टेस्टमध्ये असं फार होतं. लोक मग टाइमआउट वाढवतात, नाहीतर तीनदा चालवून एकदा पास झाली की हिरवी धरतात. तसं करू नकोस. पुष्कळदा चूक टेस्टच्या वाचण्यात असते: उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं आणि नमुना अर्ध्या तुकड्यालाच जुळतो. हे पकडायला जीडीबीत एक्स्पेक्टला एका वेळी एकच बाइट वाचायला लावून सगळी सूट चालवायची सोय आहे. तशी सोय तुमच्याकडेही कर. कारण सापडेपर्यंत ती टेस्ट वेगळ्या यादीत ठेव आणि यादीपुढे जबाबदार माणसाचं नाव लिही. रोज खोटा लाल दिवा लागला, तर खऱ्या दिव्याकडेही कुणी बघणार नाही.

चौथी गोष्ट तुलनेची. मोठ्या सूटमध्ये काही टेस्ट नापास असतातच. कालच्या आणि आजच्या निकालांत फरक काय पडला, हा रिग्रेशनचा प्रश्न. त्यासाठी प्रत्येक टेस्टचं नाव एकमेव हवं आणि नावात फोल्डरचा रस्ता नको, नाहीतर दोन मशीनवरचे निकाल जुळवता येत नाहीत. नावं नीट असली की कुठल्या कमिटने बिघडवलं, हे गिटचं बायसेक्ट स्वतः शोधतं. तुझ्या स्क्रिप्टने शून्य परत केलं तर कमिट चांगलं, एक परत केलं तर बिघडलेलं, आणि १२५ म्हणजे ‘तपासता आलं नाही, वगळ’. बिल्डच झालं नसेल तर १२५ दे. एक दिलास तर निरपराध माणसाच्या नावावर बग चढेल.

टेस्ट कुठे चालते हे टेस्टच्या मजकुरापासून वेगळं ठेव. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने हिताचीच्या, पुढे रेनेसासच्या, एसएच आणि एच८ प्रोसेसरांसाठी ग्नू टूलचेन तयार करून मोफत दिली होती. अशा प्रोसेसरचा बोर्ड प्रत्येकाच्या टेबलावर नसतो, पण दोघांचे सिम्युलेटर जीडीबीच्या सोर्समध्ये आहेत. टेस्ट तीच ठेवून बोर्डाची फाइल बदलली की ती सिम्युलेटरवर चालते. तुमच्याकडे उद्या आर्मचं मशीन आलं, तर सगळं पुन्हा लिहायची वेळ येऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या चौकटीत ‘अपेक्षित उत्तर नव्याने साठवा’ असं बटण असेल. एका दाबात शंभर लाल टेस्ट हिरव्या होतात, कारण डीबगर आज जे बोलला तेच बरोबर ठरतं. चुकीची किंमत छापणारा बग अशाने वर्षानुवर्षं पास होत राहतो, आणि कुणी दुरुस्त केला तर टेस्ट त्यालाच दोषी धरते. प्रश्न मशीनला विचारू दे, हजार वेळा विचारू दे. बरोबर उत्तर काय, ते सोर्स वाचून, हाताने हिशेब करून तू ठरव. बदललेलं प्रत्येक अपेक्षित उत्तर कमिटमध्ये कारणासह जाऊ दे आणि दुसऱ्याने ते वाचू दे.

साहेबांना हिरवा आकडा हवा असेल तर भांडू नकोस. किती टेस्ट पास झाल्या याच्या शेजारी आणखी एक रकाना दे: या महिन्यात टेस्टने किती बग ग्राहकाकडे जाण्याआधी पकडले. पहिल्या महिन्यात आकडा लहान असेल, असू दे. समजूतदार माणूस दुसऱ्या रकान्याकडे बघायला लागतो.

सोमवारी ऑफिसला गेलीस की एवढंच कर. हिरव्या असलेल्या टेस्टपैकी कुठलीही एक निवड, ती ज्या कोडची आहे त्यात तुझ्या मशीनवर मुद्दाम एक चूक घाल आणि टेस्ट चालव. ती लाल झाली तर ठेव. हिरवीच राहिली तर दुरुस्त कर. दुरुस्त होत नसेल तर बेधडक काढून टाक. यादी लहान झाली तरी चालेल, पण यादीतल्या प्रत्येक टेस्टला नापास होता आलं पाहिजे.

तुझा,
मामा