तापीकाठची अणुभट्टी

सातपुड्यात मुलताई येथे उगम पावलेली तापी नदी धरणगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहत पुढे गुजरातेत शिरते. खानदेशात तिच्या काठी कपाशी व केळी पिकतात. गुजरातेत मात्र तिच्याकडे एक आगळे काम सोपविलेले आहे. धरणगावहून सुरतेकडे जाणारी आगगाडी वाटेत व्यारा स्थानकावरून जाते. त्या परिसरातच काकरापारचे अणुविद्युत केंद्र असून त्यास लागणारे पाणी तापीवरील बंधाऱ्याच्या कालव्यातून मिळते.

भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र महाराष्ट्रात तारापूर येथे अमेरिकेच्या साहाय्याने उभारण्यात आले व १९६९ साली सुरू झाले. भारताच्या अणुकार्यक्रमाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा यांना तो दिवस पाहता आला नाही. १९६६ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता. पुढे भारतीय अभियंत्यांनी स्वतः अणुभट्ट्या उभारल्या. काकरापारच्या पहिल्या दोन भट्ट्या १९९३ व १९९५ साली सुरू झाल्या. त्या प्रत्येकी २२० मेगावॉट शक्तीच्या आहेत. २०२३ व २०२४ साली सुरू झालेल्या नव्या दोन भट्ट्यांची शक्ती प्रत्येकी ७०० मेगावॉट आहे.

अणुभट्टीत कोळसा जळत नाही, ज्वाळाही दिसत नाही. युरेनियमच्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन हा सूक्ष्म कण आदळला म्हणजे ते दुभंगते, उष्णता निर्माण होते व नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते आणखी अणुकेंद्रे दुभंगतात. ही साखळी चालू राहावी म्हणून न्यूट्रॉनांचा वेग मंद करावा लागतो. काकरापारला हे काम जड पाणी करते. नळ्यांतून फिरणारे जड पाणी इंधनाची उष्णता साध्या पाण्यास देते, त्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते व वीज निर्माण होते.

चुलीतील लाकूड ओढून घेतले की जाळ विझतो. अणुभट्टीचे तसे नाही. साखळी थांबविली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते. म्हणून बंद भट्टीलाही पाणी द्यावे लागते. जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी समुद्राच्या प्रचंड लाटेने पंपांची वीज तोडली. पाणी थांबले व इंधन वितळले. बरोबर पाच वर्षांनी, ११ मार्च २०१६ रोजी, काकरापारच्या पहिल्या भट्टीतील एक नळी फुटून जड पाणी गळू लागले. भट्टी तत्काळ बंद झाली, इंधनास थंडावा मिळत राहिला व मोठे संकट टळले. पुढे त्या भट्टीतील सर्व नळ्या बदलण्यात आल्या आणि २०१९ साली ती पुन्हा सुरू झाली.

वापरून झालेले इंधनही किरणोत्सर्गामुळे घातक असते. ते कित्येक वर्षे पाण्याखाली जपून ठेवावे लागते. अणूची शक्ती मोठी खरी. परंतु तिच्याकडून काम घेणाऱ्याला क्षणभरही बेसावध राहता येत नाही.