संशय : मनाचा की शरीराचा?

घरातील वडीलधारी व्यक्ती एकाएकी ‘माझे दागिने चोरले’, ‘जेवणात विष कालवले’ असे म्हणू लागली, की कुटुंबीय स्किझोफ्रेनियाच्या धास्तीने आजार लपवितात. या विलंबात उपचारांची मोलाची वेळ निघून जाते. वास्तविक संशयभ्रमाची कारणे अनेक आहेत.

काही तासांत वा दिवसांत उद्भवणारा, रात्री बळावणारा भ्रम बहुधा शारीरिक असतो : मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियमची घट. थायरॉईडच्या न्यूनतेने मन बिघडलेल्या १४ रुग्णांची नोंद डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये केली. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, स्टेरॉइड, पार्किन्सनवरील औषधे, गांजा, दारू अचानक सुटणे, इतकेच नव्हे तर ऐकू न येणे, हीसुद्धा कारणे होत. स्मृतिभ्रंशाचा आरंभही संशयाने होऊ शकतो. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेल्या स्त्रीरुग्णाचे पहिले लक्षण पतीविषयीचा संशय हेच होते.

म्हणून आमची विनंती आहे : रुग्णाशी वाद घालू नये, औषधे परस्पर बंद करू नयेत. चालू औषधांची यादी घेऊन त्वरित डॉक्टरांकडे यावे व रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी. मूळ कारणावर उपचार होताच संशय अनेकदा ओसरतो.