बोहदान : एका युक्रेनी नावाचा इतिहास

नावाचा अर्थ आणि नावाचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी होत. अर्थ शब्दकोशात सापडतो व तो सहसा बदलत नाही. इतिहास मात्र ते नाव धारण करणाऱ्या माणसांच्या कृतींनी घडत जातो. युक्रेनमध्ये पुरुषांना दिल्या जाणाऱ्या 'बोहदान' या नावाच्या बाबतीत हे अंतर विशेष स्पष्टपणे दिसून येते. या नावाचा अर्थ 'देवाने दिलेला' असा आहे. परंतु कोणता माणूस कोणाला दिलेली देणगी ठरला, याचे उत्तर त्या भूमीवर राहणाऱ्या सर्व लोकांनी एकच दिलेले नाही.

हे नाव दोन पदांचा समास आहे. पहिले पद 'बोह' म्हणजे देव आणि दुसरे 'दान' म्हणजे दिलेला. दोन्ही पदे भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या पदाच्या मुळाशी असलेला धातू आणि संस्कृतातील 'दा' धातू हे एकाच प्राचीन मूळ रूपातून आले आहेत. आपले 'दान', 'दाता' आणि 'दत्त' हे शब्द त्याच धातूचे. पहिल्या पदाचे नाते वैदिक 'भग' या शब्दाशी आहे. भग हा आदित्यांपैकी एक, भाग्याचा आणि संपत्तीच्या वाटपाचा देव होय. 'भाग', 'भाग्य', 'भगवान' हे शब्द त्याच कुळातील. प्राचीन इराणी भाषांत 'बग' या शब्दाला देव असा सामान्य अर्थ आला. स्लाव्ह भाषांनी हा शब्द इराणी भाषिक शेजाऱ्यांकडून घेतला की तो त्यांना मूळच्या समान वारशातून मिळाला, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. नात्याविषयी मात्र मतभेद नाहीत.

'वाटा' हा मूळ अर्थ युक्रेनी भाषेत अद्यापि जिवंत आहे. तेथे श्रीमंत माणसाला 'बहाती' म्हणतात आणि दरिद्री माणसाला 'उबोही', म्हणजे ज्याच्या वाट्याला काही आले नाही असा. धान्याला असलेला 'झ्बिझ्झ्या' हा शब्दही याच मुळापासून निघालेला आहे. ज्या देशाची काळी माती गव्हासाठी जगभर विख्यात आहे, तेथे देव, भाग्य आणि धान्य हे शब्द एका कुळात नांदावेत हे अर्थपूर्ण आहे.

या समासाला समांतर असलेली नावे पाहिली म्हणजे त्याच्या विस्ताराची कल्पना येते. महाभारतात हत्तीवरून लढणारा प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त याचे नाव आणि बोहदान हे घटकशः जवळजवळ एकच नाव आहे. बगदाद या शहराचे नावही बहुतेक अभ्यासक मध्य फारसीतील अशाच समासापासून आले असे मानतात. ग्रीकांचा थिओडोटोस, लॅटिनमधील देओदातुस आणि आपल्याकडील देवदत्त ही अर्थाने त्याचीच भावंडे होत. दीर्घकाळ वाट पाहिल्यानंतर झालेल्या मुलाला असे नाव देण्याची रीत अनेक समाजांत आढळते व स्लाव्ह लोकांतही ती होती.

उच्चाराबाबत एक खुलासा आवश्यक आहे. रशियन, बल्गेरियन आणि सर्बियन लोक हेच नाव 'बोग्दान' असे उच्चारतात. युक्रेनी भाषेत, तसेच चेक, स्लोव्हाक व बेलारूसी भाषांत, प्राचीन स्लाव्ह 'ग'चा 'ह'कारासारखा ध्वनी झाला. म्हणून युक्रेनी रूप 'बोहदान' असे होते. स्त्रीरूप 'बोहदाना'. घरात लाडाने 'बोहदान्को' किंवा 'दान्को' म्हणतात. युक्रेनी भाषेत मराठीप्रमाणेच संबोधनाची विभक्ती वापरात आहे. हाक मारताना नाव 'बोहदाने' असे होते.

दहाव्या शतकाच्या अखेरीस कीवच्या राज्याने बायझंटाइन पंथाचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबरोबर ग्रीक व हिब्रू संतांची नावे आली. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चच्या पंचांगातील संताचे नाव घ्यावे, असा नियम रूढ झाला. बोहदान हे नाव त्या पंचांगात नव्हते. तरीही लोकांनी ते सोडले नाही. चर्चमध्ये एक नाव आणि व्यवहारात दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था पुढे अनेक शतके चालली. या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बोहदान ख्मेल्नीत्स्की.

ख्मेल्नीत्स्कीचा जन्म १५९५ च्या सुमारास झाला. बाप्तिस्म्याचे त्याचे नाव 'झिनोव्ही'. हे मूळचे ग्रीक नाव असून त्यात 'झेउस' देवाचे नाव आणि 'जीवन' हा शब्द आहे. झेउस म्हणजे आपल्या वेदांतील द्यौः. तेव्हा या एकाच माणसाच्या दोन नावांत द्यौः आणि भग हे दोन प्राचीन देव शब्दरूपाने एकत्र आले होते, असे म्हणावे लागेल. अर्थात त्याच्या आईबापांना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

त्याचे शिक्षण जेझुइट विद्यालयात झाले. त्या काळी युक्रेनचा बराच प्रदेश पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात होता. १६२० मध्ये त्सेत्सोराच्या लढाईत तुर्कांशी लढताना त्याचे वडील मारले गेले आणि तो स्वतः कैद झाला. सुमारे दोन वर्षांनी त्याची सुटका झाली. पुढे तो कोसॅक सैन्यात अधिकारी झाला. १६४७ मध्ये एका पोलिश अधिकाऱ्याने त्याची सुबोतिव्ह येथील वाडी बळकावली. दाद मागूनही न्याय मिळाला नाही, तेव्हा त्याने दक्षिणेकडील कोसॅकांच्या ठाण्याचा आश्रय घेतला. १६४८ मध्ये ते त्याला 'हेतमान' म्हणजे सेनाप्रमुख मानू लागले आणि त्याच वर्षी झोव्ती वोदी, कोर्सुन व पिलियाव्त्सी येथे त्याने पोलिश सैन्याचा पराभव केला. वेठबिगारीने गांजलेले शेतकरी आणि धर्मामुळे दुय्यम लेखले गेलेले ऑर्थोडॉक्स लोक त्याच्या मागे उभे राहिले.

या विजयांनंतर, १६४९ च्या आरंभी, तो कीव शहरात आला. तेथील विद्यार्थ्यांनी आणि धर्मगुरूंनी त्याचे स्वागत केले. गुलामगिरीतून लोकांना सोडविणारा मोझेस अशा शब्दांत त्यांनी त्याचा गौरव केला, आणि त्याचे नाव बोहदान आहे ते योग्यच आहे, कारण तो खरोखरच देवाने दिलेला आहे, असे म्हटले. नावाचा कोशातील अर्थ आणि माणसाचे कर्तृत्व येथे एकरूप मानले गेले. त्यानंतर युक्रेनमध्ये बोहदान म्हटले की प्रथम ख्मेल्नीत्स्कीच आठवू लागला.

परंतु त्याच वर्षांची दुसरी स्मृतीही आहे. पोलिश सरदारांच्या जमिनींची व्यवस्था, कर आणि दारूचे मक्ते अनेक ठिकाणी यहुदी लोकांकडे असत. उठाव भडकताच सरदारांवरील संताप या समाजावर कोसळला. मक्त्यांशी काहीही संबंध नसलेले कारागीर, स्त्रिया आणि मुलेही त्यातून सुटली नाहीत. जून १६४८ मध्ये नेमिरिव्ह येथे मोठा संहार झाला व पाठोपाठ इतर गावांतही झाले. मृतांच्या संख्येविषयी अंदाज भिन्न आहेत. जुन्या वृत्तांतांत ती लाखाच्या घरात सांगितली आहे. अलीकडील संशोधनात सुमारे १८ ते २० हजार असाही अंदाज मांडला गेला आहे. मोठ्या प्रमाणावर कॅथलिक पोलिश लोकही मारले गेले. नेथन हॅनोव्हर या यहुदी लेखकाने या घटनांचा वृत्तांत १६५३ मध्ये व्हेनिस येथे छापला. पोलंडमधील यहुदी समाजाच्या मध्यवर्ती मंडळाने त्यांच्या पंचांगातील सिवान महिन्याचा विसावा दिवस या मृतांच्या स्मरणार्थ उपवासाचा दिवस ठरविला. ज्याला कीवच्या विद्यार्थ्यांनी मोझेस म्हटले, तो मोझेसच्या स्वतःच्या लोकांच्या स्मृतीत अशा रीतीने संहाराचा कर्ता म्हणून राहिला.

जानेवारी १६५४ मध्ये पेरेयास्लाव्ह येथे ख्मेल्नीत्स्कीने रशियाच्या झारचे आधिपत्य मान्य केले. त्याच्या दृष्टीने हा पोलंडविरुद्धचा संरक्षक करार होता, असे युक्रेनी इतिहासकारांचे सर्वसाधारण मत आहे. रशियन राज्यकर्त्यांनी मात्र त्याचा अर्थ कायमचे विलीनीकरण असा लावला. १६५७ मध्ये चिहिरिन येथे त्याचा मृत्यू झाला आणि सुबोतिव्ह येथे त्याने स्वतः बांधविलेल्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. त्याचे अवशेष आजवर सापडलेले नाहीत. दोन शतकांनंतर कवी तारास शेव्हचेन्को याने पेरेयास्लाव्हच्या करारासाठी बोहदानला आपल्या काव्यात कठोर दोष दिला. म्हणजे ज्यांनी त्याला देणगी मानले, त्यांच्यातही त्या देणगीची काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न उपस्थित झालाच.

पुढील राजवटींनी हे नाव आपापल्या सोयीनुसार वापरले. कीवच्या सोफिया चौकात १८८८ मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. शिल्पकार मिकेशिन याच्या मूळ आराखड्यात घोड्याच्या टापांखाली एक पोलिश सरदार, एक जेझुइट आणि एक यहुदी अशा आकृती होत्या. त्या शेवटी वगळण्यात आल्या. पुतळ्यात नायक तेवढा राहिला, पराभूत दिसेनासे झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सोव्हिएत सरकारने 'बोहदान ख्मेल्नीत्स्की पदक' स्थापन केले. १९५४ मध्ये पेरेयास्लाव्हच्या कराराची तीनशे वर्षे साजरी करताना प्रोस्कुरिव्ह या शहराला 'ख्मेल्नीत्स्की' असे नाव दिले. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यानंतर तोच पुरुष स्वतंत्र राज्यकर्ता म्हणून गौरविला गेला. त्याचे चित्र पाच ह्रिव्न्यांच्या नोटेवर आले आणि २०१९ पासून नाण्यावरही आले. पेरेयास्लाव्ह शहराच्या नावाला १९४३ मध्ये त्याचे आडनाव जोडले होते. ते २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले.

या एका व्यक्तीच्या छायेत इतर बोहदान झाकले जाणे उचित नव्हे. त्यांपैकी बोहदान खानेन्को (१८४९–१९१७) हा कलासंग्राहक होता. त्याने व त्याची पत्नी वारवारा हिने युरोपातून व पूर्वेकडून आणलेल्या कलावस्तूंचा संग्रह कीवमधील आपल्या घरात केला. पतीच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये, वारवाराने तो संग्रह युक्रेनच्या विज्ञान अकादमीला दिला. संग्रह एकत्र राहावा आणि त्याला दोघांचे नाव असावे, एवढीच तिची अट होती. १९२४ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ते नाव काढून टाकले. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा लावले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जवळच पडलेल्या रशियन क्षेपणास्त्रामुळे या संग्रहालयाच्या खिडक्या फुटल्या. दिलेली वस्तू सांभाळण्यासाठी पुढच्या पिढ्यांनाही झटावे लागते, हे या वास्तूच्या इतिहासावरून कळते.

बोहदान-इहोर अँतोनिच (१९०९–१९३७) हा कवी कार्पेथियन पर्वतातील लेम्को लोकांच्या प्रदेशात जन्मला. घरी लेम्को बोली असल्यामुळे प्रमाण युक्रेनी भाषा त्याने ल्विव येथे शिकत असताना परिश्रमाने आत्मसात केली आणि काही वर्षांतच तो तिच्या श्रेष्ठ आधुनिक कवींत गणला जाऊ लागला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. सोव्हिएत राजवटीत त्याची कविता दीर्घकाळ दडपली गेली. कीवमध्ये तिचा संग्रह १९६७ मध्ये प्रसिद्ध होऊ शकला.

अखेरीस बोहदान स्तुप्का (१९४१–२०१२) या नटाचा उल्लेख केला पाहिजे. ल्विवजवळील कुलिकिव्ह येथे जन्मलेला हा नट पुढे कीवच्या इव्हान फ्रान्को नाट्यगृहाचा प्रमुख झाला. १९९९ ते २००१ या काळात तो देशाचा सांस्कृतिक मंत्रीही होता. १९९९ मध्ये पोलिश दिग्दर्शक येझी हॉफमन याने सिएन्कीएविच याच्या कादंबरीवर चित्रपट काढला. त्या कादंबरीत ख्मेल्नीत्स्कीचे चित्रण प्रतिकूल आहे. चित्रपटात मात्र स्तुप्काने त्याला शत्रूच्याही आदरास पात्र ठरेल असा माणूस म्हणून उभे केले, आणि पोलंडमधील प्रेक्षकांनीही त्याच्या अभिनयाची प्रशंसा केली.

त्यापूर्वी दहा वर्षे, १९८९ मध्ये, याच नटाने फ्रान्को नाट्यगृहात तेव्ये या गरीब यहुदी गवळ्याची भूमिका केली होती. आपल्याच गावातून हुसकावला गेलेला तेव्ये हे शोलेम आलेखेम या यिद्दिश लेखकाच्या प्रतिभेचे अपत्य होय. या लेखकाचा जन्म १८५९ मध्ये पेरेयास्लाव्ह येथे झाला होता. म्हणजे ख्मेल्नीत्स्कीने जेथे शपथ घेतली, त्याच गावी. कीवचे प्रेक्षक अनेक वर्षे हे नाटक पाहत राहिले. ज्यांच्या स्मृतीत बोहदान हे नाव दुःखाशी जोडले गेले होते, त्या समाजाचे दुःख बोहदान नावाच्याच एका माणसाने युक्रेनी रंगभूमीवर युक्रेनी भाषेत मांडले.

आजही युक्रेनमध्ये मुलांना हे नाव आवडीने दिले जाते. ते ठेवणाऱ्या आईबापांना हेतमानाचे स्मरण असेलच असे नाही; 'हे मूल आम्हाला देवाने दिले' एवढाच त्यांचा भाव असू शकतो. मूल आईबापांना लाभलेली देणगी असते, हे खरेच. ते शेजाऱ्यांनाही देणगी वाटावे, हे मात्र नाव ठेवून साधत नाही. ते त्या मुलाने पुढे स्वतः सिद्ध करावे लागते.