रविवारी स्विचसमोर बसण्याआधी

चि. ओंकारास,


रुग्णालयाच्या नव्या इमारतीतलं नेटवर्क तुझ्याकडे सोपवलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. रविवारी स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळे आभासी भाग, करायला बसणार आहेस म्हणून आजच लिहितोय.

आधी वही घे. नोंदणीचे संगणक, डॉक्टरांचे संगणक, कॅमेरे, फोन, नातेवाइकांचं वायफाय असे गट पाड आणि कोणाचं कोणाशी काम आहे ते लिही. कॅमेऱ्याला रुग्णांच्या नोंदींच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं काहीच कारण नाही, मग त्याला तो सर्व्हर दिसताच कामा नये. एवढं कागदावर आलं की व्हीलॅन किती आणि कोणते ते आपोआप ठरतं. क्रमांक २ ते ४०९४ मधला दे, फक्त सिस्कोवर १००२ ते १००५ सोड. ८०२.१क्यू मानकात त्यासाठी १२ बिट ठेवलेत आणि ० व ४०९५ राखीव आहेत. १ मात्र रिकामा सोड. नव्या स्विचचे सगळे पोर्ट त्यातच असतात, त्यामुळे कोणी कुठेही वायर खोचली तरी ती १ मध्ये जाते. वापरात नसलेले पोर्ट बंदच करून टाक.

अ‍ॅक्सेस पोर्टचं, म्हणजे एकाच व्हीलॅनमधलं उपकरण जोडायच्या पोर्टचं, काम सोपं आहे. खरी काळजी घ्यायची ती दोन स्विचमधल्या ट्रंकची. तिथे प्रत्येक फ्रेमला ४ बाइटचा टॅग लागतो आणि पलीकडचा स्विच तो वाचून फ्रेम कुठल्या व्हीलॅनची ते ओळखतो. फक्त नेटिव्ह व्हीलॅनची फ्रेम टॅगशिवाय जाते. एका टोकाला नेटिव्ह १० आणि दुसऱ्या टोकाला २० असेल, तर इकडे १० मधून निघालेली फ्रेम तिकडे २० मध्ये उतरते. दोन्ही दिवे हिरवे असतात, लिंक ठीक दिसते, आणि माणूस तासन्‌तास सर्व्हर तपासत बसतो. म्हणून ट्रंक जोडली की दोन्ही टोकांची सेटिंग्ज शेजारी ठेवून वाच.

सिस्कोच्या स्विचवर चालू ट्रंकमध्ये नवा व्हीलॅन घालताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' यापुढे 'अ‍ॅड' लिहायला विसरू नकोस. नुसतं ३० लिहिलंस तर जुनी यादी पुसली जाऊन एकटा ३० उरतो आणि त्या ट्रंकवरचं बाकी सगळं त्या क्षणी तुटतं. तू त्याच ट्रंकवरून दुरून लॉगिन केलेलं असशील तर तूही तुटतोस. असा बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' दे. सगळं जमलं तर तो रद्द कर आणि मगच कॉन्फिगरेशन साठव. फसलं, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या साठवलेल्या स्थितीत परत येतो. रात्रपाळी चालू असलेल्या इमारतीत ही सवय लागलीच पाहिजे.

कंपनीगणिक शब्द बदलतात, तिथेही जपून. एचपीच्या प्रोकर्व्हवर 'ट्रंक' म्हणजे अनेक वायरींची मिळून केलेली एक जोडणी, तिथे आपल्या ट्रंकला टॅग्ड पोर्ट म्हणतात. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचवर पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला तरी बऱ्याचदा पीव्हीआयडी, म्हणजे टॅगशिवाय आत आलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची ते ठरवणारा क्रमांक, वेगळा बदलावा लागतो. तो १ च राहिला, तर संगणकाकडून आलेली फ्रेम १ मध्येच पडते आणि डीएचसीपीचा पत्ता काही मिळत नाही.

आणखी एक. व्हीलॅन वेगळे केले, पण लेअर ३ स्विचवर राउटिंग चालू केलंस आणि अ‍ॅक्सेस लिस्ट लावली नाहीस, तर सगळे गट पुन्हा एकमेकांशी बोलायला लागतात. पाहुण्यांच्या वायफायवरून बिलिंग सर्व्हर उघडतोय, हे तपासणीतच कळायला हवं. म्हणून काम झालं की लॅपटॉप प्रत्येक गटात एकदा जोड. जिथे पोचायला हवं तिथे पिंग कर आणि जिथे पोचायला नको तिथेही कर. ही दुसरी तपासणी बहुतेक जण सोडून देतात. डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्टने जाते आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅन ओलांडत नाही, त्यामुळे डीएचसीपी सर्व्हर एकच असेल तर प्रत्येक गटासाठी रिलेही ठेव.

शनिवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठव, मी बघून ठेवतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा