मोठे डिझेल इंजिन चालू करताना : घाई मालकाची, जीव कामगाराचा

कारखानदार बांधवांनो, आपल्या व्यवसायात सूत, बीम, रंग आणि उधारी यांची चर्चा रोज होते. मागच्या खोलीतील इंजिनाची चर्चा मात्र ते बंद पडले की मगच होते. मी कापडाचा व्यापारी आहे, इंजिनिअर नव्हे. परंतु एका प्रोसेस हाऊसमध्ये माझी काही वर्षे भागीदारी होती, आणि तेथे या विषयाचा जो तजुर्बा आला तो स्वस्तात आला नाही.

गोष्ट २००६ च्या पावसाळ्यातील. भारनियमनाचे ते दिवस. जेट मशीनमध्ये पॉलिएस्टरचा लॉट १३० अंशांवर होता आणि वीज गेली. अशा वेळी कापड मशीनमध्ये थांबले की त्यावर कायमच्या चुण्या बसतात, रंगही डागाळतो. लॉट दुसऱ्या व्यापाऱ्याचा, म्हणजे आमच्याकडे अमानत. मी इंजिनरूमच्या दारात उभा राहून ओरडत होतो. आमचे इंजिनवाले चाचा फ्लायव्हीलच्या भोकात पहार घालून इंजिन हाताने फिरवीत होते. "शेठ, पाच मिनिटं द्या," एवढेच ते म्हणाले. मी दिली नाहीत. तिसऱ्या हाकेला त्यांनी काम अर्धे सोडून हवेचा व्हॉल्व्ह उघडला. पहार फ्लायव्हीलमध्येच राहिली होती. ती सुटली आणि छपराचा सिमेंटचा पत्रा फोडून बाहेर पडली. ज्या जागेवरून ती गेली तेथे रोज मदतनीस पोरगा उभा असे. त्या वेळी तो वजू करायला गेला होता. अल्लाहने वाचवले. लॉट तर तसाही खराब झालाच.

त्यानंतर मी चाचांजवळ बसून हे काम शिकून घेतले. चालवण्यासाठी नव्हे, तर कोणत्या वेळी आपण गप्प बसावे हे कळावे म्हणून.

आमचे इंजिन जहाजावरचे होते. गुजरातेत अलंग येथे जुनी जहाजे तोडली जातात आणि त्यांवरील जनरेटर संच कारखानदार विकत घेतात. भाव बरा पडतो, इंजिनही दणकट असते. मात्र जहाजाची वीज बहुधा ६० सायकलची असते, आपली ५० ची. म्हणून ९०० फेऱ्यांचे इंजिन येथे ७५० फेऱ्यांवर चालवावे लागते आणि त्याची ताकदही साधारण त्याच प्रमाणात कमी धरावी लागते. हे हिशेबात न धरता पाटीवरचा आकडा पाहून पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. दुसरे म्हणजे, जहाजावरून उतरवताना संरक्षणाच्या वायरी अनेकदा तोडलेल्या असतात. तेलाचा दाब घसरला किंवा वेग वाढला तर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा पुन्हा जोडून, तपासून घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये.

आता मूळ विषयाकडे येऊ. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबर्ग येथे आपल्या पहिल्या इंजिनात प्रथम इंधन सोडले तेव्हा दाब मोजण्याचे उपकरणच फुटले व त्याचे तुकडे माणसांच्या जवळून उडाले. ऑग्सबर्ग हे पूर्वापार कापडाचेही गाव, हे जाता जाता सांगतो.

लहान जनरेटर बॅटरीवर चालू होतो. मोठ्या इंजिनाला मात्र बाटलीत सुमारे ३० किलो दाबाने भरलेली हवा लागते. ती हवा ठरलेल्या क्रमाने सिलिंडरमध्ये शिरून पिस्टन खाली ढकलते, इंजिन वेग घेते आणि मग डिझेल पेट घेते. धोका मुख्यतः दोन ठिकाणी आहे : सिलिंडरमध्ये जे असू नये ते असणे, आणि हवेच्या नळीत जे असू नये ते असणे.

सिलिंडरमध्ये जे असू नये ते म्हणजे पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनवर पेलाभर पाणी साचलेले असेल आणि आपण जोराने इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, हेड फुटते, प्रसंगी ब्लॉकमधून लोखंड बाहेर येते. हे पाणी येते कुठून? हेडला बारीक तडा असतो, हवा थंड करणारा कूलर गळतो. आणि आपल्या भागातील सर्वांत साधे कारण म्हणजे धुराड्याचा पाइप सरळ आकाशाकडे उघडा असतो व त्यावर टोपी नसते. आपल्याकडच्या पावसात एका रात्रीत काय होईल ते सांगायला नको. गळक्या नोझलमधून डिझेलही असेच साचते.

म्हणून चाचा ती पाच मिनिटे मागत होते. प्रत्येक सिलिंडरच्या हेडवर एक लहान तोटी असते, तिला इंडिकेटर कॉक म्हणतात. त्या सर्व तोट्या उघडायच्या, हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची, आणि इंजिन पहारीने पूर्ण दोन फेरे फिरवायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टन आपले पूर्ण काम करतो, म्हणून एक फेरा पुरत नाही. पहार कुठे अडली तर जोर लावायचा नाही, कारण शोधायचे. नंतर पहार काढून, डिझेलचा रॅक शून्यावर ठेवून, उघड्या तोट्यांनीच हवेचा एक छोटा झटका द्यायचा. तोटीतून कोरडी हवा आली तर ठीक. पाण्याचा किंवा तेलाचा फवारा आला तर त्या दिवशी इंजिन चालू होणार नाही, मग जेटमध्ये कोणाचाही लॉट असो. या वेळी तोट्यांसमोर कोणी तोंड घेऊन उभे राहू नये.

पहारीचा बंदोबस्त आम्ही पुढे असा केला. हवेच्या व्हॉल्व्हला कुलूप लावले आणि त्याची किल्ली आखूड साखळीने पहारीलाच बांधली. पहार व्हॉल्व्हशेजारच्या खुंटीवर टांगली तरच किल्ली कुलपापर्यंत पोहोचते. साखळीसह सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

तेलाचा हातपंप मारून गेजचा काटा वर आल्याशिवाय हवेचा झटकाही देऊ नये. थांबलेल्या इंजिनाच्या बेअरिंगमधून तेल निथळून गेलेले असते, आणि पहिल्या काही फेऱ्यांतच ती सर्वांत जास्त झिजतात. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का, हे तर सांगावे लागू नये.

दुसरा धोका हवेच्या नळीतला. कॉम्प्रेसरमधून थोडे तेल हवेबरोबर जाऊन नळीत चिकटते. इंजिन चालू असताना एखाद्या सिलिंडरचा स्टार्टिंग व्हॉल्व्ह गळत असेल तर पेटता वायू उलट नळीत येतो आणि पुढच्या वेळी हवा सोडताच नळी फुटू शकते. ओळखण्याची रीत सोपी आहे. इंजिन चालू असताना प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या नळीला हाताची पाठ हळूच लावून पाहावी. जी नळी इतरांपेक्षा गरम, तिचा व्हॉल्व्ह गळका. बाटलीच्या तळाचे पाणी व तेल रोज सोडावे.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख खरे तर लिहायला घेतला ती. हवेची बाटली रिकामी झाली, कॉम्प्रेसर चालवायला वीज नाही, आणि कोपऱ्यात वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर उभा आहे. "वायू तो वायू, जोडा," असे सुचवणारा शहाणा प्रत्येक कारखान्यात एक असतोच. बांधवांनो, तेल चिकटलेल्या नळीत दाबाचा ऑक्सिजन गेला की ठिणगी नसतानाही स्फोट होतो. त्यातून इंजिन वाचत नाही, शेजारचा माणूसही वाचत नाही. माझ्यासमोर एकदा असा सिलिंडर इंजिनरूमपर्यंत ढकलत आणला गेला होता आणि चाचा दारात आडवे झाले. हाताने चालू होणारा लहान डिझेल कॉम्प्रेसर घ्या, किंवा दोन हवेच्या बाटल्या ठेवा व एक सदैव भरलेली ठेवा. ऑक्सिजन सिलिंडरला इंजिनरूममध्ये जागाच नको.

इंजिन चालू झाले की पहिली नजर तेलाच्या गेजवर. काही सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद. दाब आला तरी लोड लगेच देऊ नये, इंजिनाला गरम होऊ द्यावे. इंजिनचा वेग आपोआप वाढतच गेला आणि डिझेल तोडूनही ते थांबेना, तर समजावे की ते हवेच्या वाटेने तेलाची वा रॉकेलची वाफ ओढत आहे. पिगमेंट छपाईत रॉकेल वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हवेची वाट बंद करणारी झडप हाच त्यावर उपाय. फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नये. झडप नसेल तर सर्वांनी बाहेर पळावे, इंजिन गेले तर जाऊ द्यावे.

लोड देताना चेंजओव्हर स्विच असा असावा की कंपनीची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडलेच जाणार नाहीत. आपली वीज उलट ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली तर ती हजारो व्होल्ट होऊन लाइनवर चढते, आणि वीज गेली म्हणून निर्धास्तपणे खांबावर काम करणारा वायरमन त्यात मरतो. धूरही खोलीबाहेर उंच सोडावा. आपल्याकडे रात्री कामगार कारखान्यातच झोपतात, आणि झोपलेल्या माणसाला धुरातील विषारी वायूचा वास येत नाही.

चालू इंजिन एकाएकी गरम होऊन थांबवावे लागले तर क्रँककेसचे दार लगेच उघडू नये. आत तेलाची गरम वाफ असते, ताजी हवा मिळताच ती भडकते. निदान अर्धा तास थांबावे.

आता पूर्वीसारखे तासन्तास भारनियमन नाही, त्यामुळे इंजिने महिनोन्महिने पडून राहतात. पडून राहिलेल्या इंजिनात पाणी साचते, व्हॉल्व्ह गंजून चिकटतात, आणि नेमकी गरज लागते त्या रात्री नवखा ऑपरेटर त्यापुढे उभा असतो. आम्ही गुरुवारचा दिवस ठरवून दिला होता. काम नसले तरी त्या दिवशी पहारीचे दोन फेरे, हवेचा झटका, मग अर्धा तास थोड्या लोडवर. चाचा गावी गेले तरी हे चुकू नये म्हणून त्यांनी सर्व पायऱ्या भिंतीवर रंगाने लिहून घेतल्या होत्या, मराठी व उर्दू दोन्हीत. उर्दू माझ्या हातची आहे.